अंथरूण कोणत्या गावात?

हॅडवेल, मॅसॅच्युसेट्स
२ नोव्हेंबर १९७५

प्रिय कोरा,

घराला पाटी लागली एकदाची. तुझ्या माहेराला, असं म्हणायला हवं. मी इथे पन्नास वर्षं नांदले तरी तू अजून "आमचं घर" म्हणतेस आणि मी आपली "थेअरांचं घर". पांढरी लाकडी पाटी, काळी अक्षरं: "सीमाघर. १७३१. एबेनेझर थेअर यांनी बांधले." समोरच्या दाराच्या उजव्या अंगाला ठोकलीय. ठोकताना भिंतीचा एक पोपडा गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी देशाला दोनशे वर्षं होणार म्हणून गावाला पाट्यांचं वेड लागलंय. सभाघराला पाटी, कोंडवाड्याला पाटी, घोड्यावर चढायच्या दगडालासुद्धा पाटी. लढाईला निघालेली माणसं जिथे पाणी प्यायली त्या विहिरीलाही लावली. खरी विहीर पेट्रोल पंपाखाली गेली, म्हणून शेजारचीला लावली. समितीची मुख्य एडिथ बार्न्स. ऑर्विलच्या अंत्यविधीला हिरवी टोपी घालून आलेली, तीच. आपल्या दोन खोल्यांमधला उंबरा म्हणजेच हॅडवेल आणि सेलबीच्या शिवेचा दगड, हे तिला मी तीनदा समजावलं. "म्हणजे स्वयंपाक सेलबीत करायचा आणि झोपायला हॅडवेलमध्ये यायचं? अगंबाई!" म्हणाली. मग घराची एखादी छानशी गोष्ट सांगा म्हणाली. मी एबेनेझरच्या बायकोची, थँकफुल आजीची सांगितली. नवरा गेल्यावर तिला पोसायचा खर्च गावावर पडू नये म्हणून हॅडवेलच्या पंचांनी तिची खाट, तिच्यासकट, उचलून उंबऱ्यापलीकडे स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती. जिथे अंथरूण तिथलं माणूस. घ्या, आता ही सेलबीची! एडिथने नाकाने कांदे सोलले. "हे काही पाटीवर घालण्यासारखं नाही," म्हणाली.

शनिवार-रविवारी मोटारी येतात. लोक उतरतात, पाटी मोठ्याने वाचतात, बायकोला दारात उभी करून फोटो काढतात. मी खिडकीतच बसलेली असते. आजवर एकानेही दार वाजवलेलं नाही. पाटीवर एबेनेझर आहे, तो काही दार उघडायला येणार नाही, असं त्यांना वाटत असावं.

ऑर्विलला जाऊन नऊ महिने होतील. पुढच्या उन्हाळ्यात ये ना, कोरा. नुसतं पाटी बघायला ये. उशाशी किटली बोंबलतेय, उठून उतरवते. बाकी मी मजेत आहे.

तुझी,
ल्युएला


टूसॉन, ॲरिझोना
२० नोव्हेंबर १९७५

प्रिय वहिनी,

पाटीवर एबेनेझर थेअर, आणि ज्या बाईने तिथे चौदा बाळंतपणं काढली तिचं नाव नाही, छान! एडिथ बार्न्सला सांग, ती लहान असताना आमच्या परसातली नासपती चोरायची, त्याची पण एक पाटी लाव.

माझं विचारशील तर सोन्यासारखं चाललंय. डग्लसचं घर ऐसपैस आहे, सूनबाई शेरिल जमिनीवर पाय ठेवू देत नाही. मागे पोहायचा तलाव आहे, नारिंगीची झाडं आहेत. नोव्हेंबर असून मी बिनबाह्यांच्या झग्यात बसलेय आणि तुम्ही तिकडे लाकडं फोडत असाल. नातवंडांच्या गडबडीत दोन ओळी लिहायला वेळ मिळत नाही. उन्हाळ्याचं नक्की सांगत नाही. इथली माणसं मला सोडायची नाहीत.

एक सांग. किटली कुणाच्या उशाशी असते? मी त्या घरात जन्मले, वहिनी. झोपायच्या खोलीतून किटलीचा आवाज भुतासारखा लांबून येतो. तू स्वयंपाकघरात झोपतेस का? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझ्या कॉफीला दादा आयुष्यभर नावं ठेवत राहिला, पण तू खोटं बोलतेस असं कधी म्हणाला नाही.

तुझी नणंद,
कोरा


हॅडवेल
२५ जानेवारी १९७६

प्रिय कोरा,

तुझ्यापासून काही लपत नाही. ऐक तर मग, आणि ऐकून गिळून टाक.

गेल्या आठवड्यात सेलबीचे एक पंच आले, रूफस कीटिंग. भला माणूस आहे, बूट बाहेर काढून आला. आता त्यांनाही पाटी हवीय. म्हणे, तुमची चूल आमच्याकडे, धुराडं आमच्याकडे, घर तुमचं एकट्यांचं कसं? त्यावर हॅडवेलचे पंच म्हणतात, घरातलं माणूस ज्या गावात अंथरूण घालतं, घर त्या गावचं. तेव्हा कीटिंगसाहेबांनी कॉफी पिता पिता सहज विचारलं, "मग मिसेस थेअर, आपण झोपता कुठे?" मी म्हटलं, "झोपायच्या खोलीत. आणखी कुठे झोपणार?" तोंडातून निघून गेलं. पोटमाळ्यावरची जुनी खाट त्यांच्या पाठीमागेच चुलीजवळ होती. मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते.

ऑर्विल गेल्यावर पहिली रात्र मी खोलीत काढली. माझ्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडले होते. कूस वळले आणि हात रिकाम्या गादीवर पडला. थंडगार गादी. तेव्हापासून मी त्या पलंगावर पाठ टेकलेली नाही. रोज सकाळी चादर मात्र ताणते, उशा फुगवते. म्हणजे वर्ष होत आलं, मी सेलबीची झालेय. थँकफुल आजीची खाट पंचांनी उचलली, माझी मी स्वतःच उचलली.

तू म्हणशील, मग झालं काय? कोरा, सभाघरामागच्या जुन्या दफनभूमीत आता जागा उरली नाही. गावाने दोन वर्षांपूर्वी ठराव केलाय, मरताना जो हॅडवेलचा रहिवासी असेल त्यालाच तिथे पुरायचं. बाहेरच्याला नाही, मग तो कुणाचा कुणी का असेना. आणि ऑर्विलच्या दगडावर माझं नाव कोरलेलं आहे. "ल्युएला, त्याची पत्नी, १९०१", आणि पुढे रेघ. रविवारी जाते तेव्हा ती रेघ बघून मला बरं वाटतं. आपली जागा धरून ठेवलीय कुणीतरी, असं वाटतं. ती जागा गेली तर मी काय करू?

येत्या मे महिन्यात शिवेची फेरी आहे. शीव पायी चालून दगड तपासायची, ७१ नंतरची ही. दोन्ही गावचे पंच नेहमीसारखे परसदाराने आत येतील, उंबऱ्यावर खडूने साल घालतील आणि समोरच्या दाराने बाहेर पडतील. या खेपेला माझं अंथरूणही बघणार आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कुणाकडे अवाक्षर काढू नकोस.

ल्युएला


टूसॉन
११ फेब्रुवारी १९७६

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल. लोकांना आपापले उद्योग असतात, कुणाच्या खाटेत कोण लक्ष घालतंय?

इथे हवा छान आहे. डग्लसने नवी मोटार घेतली. आज जास्त लिहीत नाही, डोळे दुखतात.

नगर कचेरीत अजून म्हातारा एमोस टिल्डनच आहे का गं? त्याला पत्रं वगैरे फाडून टाकायची सवय आहे का? सहज विचारलं.

कोरा


हॅडवेल
३ मार्च १९७६

कोरा,

परवा गावसभा झाली. अर्थसंकल्प झाला, कुत्र्यांच्या पट्ट्यांवर तासभर भांडण झालं. मग एमोस टिल्डन "आलेली पत्रं" वाचायला उभा राहिला. पहिलं पूल खात्याचं. दुसरं तुझं.

तारीख ८ डिसेंबर. "माझी बिचारी भावजय ऑर्विलच्या दुःखाने झोपायच्या खोलीत पाय ठेवत नाही, भर हिवाळ्यात चुलीशी खाटेवर झोपते. खोलीत शेगडी बसवून द्यायला गावाने कुणाला तरी पाठवावं. थेअरांनी गावासाठी कमी केलेलं नाही."

एमोसला अर्ध्यावर आल्यावर कळलं आपण काय वाचतोय. पण गावसभेत पत्र अर्ध्यावर सोडता येत नाही, म्हणून त्याने हळू आवाजात शेवटपर्यंत वाचलं. त्यामुळे सगळे आणखीच कान देऊन ऐकायला लागले. मी तिसऱ्या बाकावर होते. कुणी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नियम म्हणजे नियम," एडिथ बार्न्स म्हणाली. एमोस म्हणाला, जुन्या रिवाजाप्रमाणे फेरीच्या आदल्या रात्री जिथे अंथरूण असेल ते गाव धरायचं, तोपर्यंत कुणी काही बोलू नये. बाहेर पडताना एडिथने मला कोपऱ्यात घेतलं. "त्या दिवशी खाट माळ्यावर टाका आणि पलंग नीट घालून ठेवा. आम्हाला आमची पाटी हवी आहे, तुम्हाला तुमची जागा. कोण विचारतंय?" एकदा खोटं बोलले तेवढं पुरे झालं, आणि तेही मला गिळता आलेलं नाही.

"बिचारी भावजय." मला सांगायचंस तरी. तिकडे तलावाकाठी बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

उत्तराची घाई नाही.

ल्युएला थेअर


टूसॉन
१९ एप्रिल १९७६

वहिनी,

तू खाली "ल्युएला थेअर" अशी सही केलीस. आडनावासकट. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ते पत्र मी दीड महिना उशीखाली ठेवून झोपले.

ते पत्र मी तू स्वतः सांगण्याआधी पाठवलं होतं. किटलीवरूनच ओळखलं मी, आणि वाटलं, शेगडी तरी मिळेल तुला. दफनभूमीचा ठराव मला कुठून ठाऊक असणार? जानेवारीतलं तुझं पत्र आलं तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. तरी मी तुला सांगितलं नाही. वाटलं, एमोस वेंधळा आहे, हरवून बसला असेल. भित्री निघाले मी. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणते.

आता तुझं एक गुपित मी फोडलं, तर माझं घे बदल्यात. तलाव आहे. पण तो डग्लसच्या घरचा नाही. दीड वर्ष झालं, मी म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहे. शेरिलचं आणि माझं जमलं नाही. कुणाची चूक ते सोड, निम्मी माझीच. खोलीत आम्ही दोघी, मधे पडदा. पलीकडची बाई मला मॅबल म्हणते आणि मी ओ देते. एकदा सांगून पाहिलं, तिला वाईट वाटलं, मग सोडून दिलं. डग्लस महिन्यातून एकदा येतो आणि घड्याळ बघतो. नातवंडं येत नाहीत. तलावात मी एकदाही उतरले नाही. अख्खा आश्रम काठावर बसून एकमेकांची पाण्यात उतरायची वाट बघतो.

"इथली माणसं मला सोडायची नाहीत" असं लिहिलं होतं मी. खरं तर दाराला कुलूपसुद्धा नाही, वहिनी. जायला ठिकाण नाही म्हणून कुणी जात नाही. दादाचं नाव माहीत असलेलं माणूस इथे एक नाही. कधी कधी जेवताना मी मुद्दाम "माझा भाऊ ऑर्विल" असं म्हणते. कुणी "कोण ऑर्विल?" असंही विचारत नाही, मीठ पुढे करतात.

"उन्हाळ्यात ये" असं तू लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं असेन. पण तुझी रीत म्हणून लिहिलंस की खरंच, ते कळलं नाही. आता विचारायचा हक्कही राहिला नाही.

फेरीत काय झालं तेवढं कळव. वाईट झालं असेल तरी कळव.

कोरा


हॅडवेल
३० मे १९७६

प्रिय कोरा,

फेरी झाली. सगळं सांगते, मधे टोकू नकोस.

आदल्या दिवशी काकवी घालून घेवडा रात्रभर शिजायला ठेवला, डोनट तळले, सफरचंदाचं सायडर काढलं. पाच वर्षांनी एकदा घर भरतं, उपाशी कशी पाठवू? मग भांडी आवरली आणि खाटेवर बसले. एडिथचा सल्ला डोक्यात घोळत होता. आणि मला हसू यायला लागलं, कोरा. पलंग नीट घालून ठेवा म्हणे! वर्षभर तो नीटच घातलेला आहे. सुरकुती नाही त्याच्यावर. कुणीही सांगेल की इथे माणूस झोपत नाही. तुझं पत्र ज्या गावाने ऐकलंय त्या गावाला घातलेला पलंग दाखवून काय सिद्ध होणार? ऑर्विलच्या शेजारी कायमचं झोपायचं असेल तर आधी त्याच्या रिकाम्या जागेशेजारी झोपून दाखवायला हवं, दुसरा रस्ता नव्हता. मी दिवा घेतला आणि उंबरा ओलांडला.

सकाळी उठले आणि जन्मात पहिल्यांदा पलंग तसाच ठेवला. चादर गोळा झालेली, उशीला खळगा, पांघरूण अर्धं खाली. आठ परके पुरुष येणार आणि माझा पलंग असा! आई असती तर तिने मला झाडूने मारलं असतं. दोनदा आवरायला हात गेला, दोन्ही वेळा मागे घेतला.

परसदाराने आले सगळे. बुटांना चिखल, कपाळाला घाम. कीटिंगसाहेबांनी पुन्हा बूट काढले. एडिथ समितीतर्फे आली होती. उंबऱ्याशी एमोस थांबला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "ल्युएला थेअर, काल रात्री तुझं अंथरूण कुठे होतं?" मी दार उघडून दाखवलं. एडिथने आत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, मी सांगितलं होतं ना!" असं कुजबुजली माझ्या कानात. तिला वाटलं मी विसरले.

मी कीटिंगसाहेबांना म्हटलं, "जानेवारीत तुमच्याशी खोटं बोलले. तेव्हा मी तुमच्या गावात झोपत होते. काल रात्रीपासून नाही." त्यांनी उशीकडे पाहिलं, मग चुलीजवळच्या खाटेकडे, मग माझ्याकडे. "बाई," ते म्हणाले, "आमची टेकडीवरची दफनभूमी छान आहे, ऊन असतं दिवसभर. पण तुम्हाला तिथे करमणार नाही." एवढं बोलून ते डोनटकडे वळले. एमोसने खडूने ७६ घातलं आणि मोठ्याने म्हणाला, "अंथरूण हॅडवेलमध्ये." बाकीचे "मान्य" म्हणाले. एमोस ऑर्विलचा जुना दोस्त ना, पलंगाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. जाताना त्याने माझा हात दाबला. सगळे गेल्यावर घर होतं तसं झालं. घेवडा खूप उरलाय.

सेलबीवाले त्यांची पाटी धुराड्याला लावणार आहेत. लावू देत. मी त्यांना सांगितलंय, तिच्यावर थँकफुलचं नाव हवं. बघू म्हणाले. एडिथपेक्षा ते बरे.

आता तुझं. मी रागावले होते, ते काही खोटं नाही. पण तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मी मरेपर्यंत चुलीशीच झोपले असते, आणि मग मला टेकडीवर नेलं असतं. माफीबिफीचं राहू दे. "उन्हाळ्यात ये" हे रीत म्हणून लिहिलं नव्हतं, मूर्ख बाई. मला भीक मागता येत नाही म्हणून ते पाटीच्या आडून लिहिलं. आता आडून लिहीत नाही. ये. राहायला ये. चुलीजवळची खाट रिकामी आहे. सेलबीची व्हावं लागेल तुला म्हातारपणी, थेअरांच्या मुलीला! गाव हसेल. पण इथे तुला कुणी मॅबल म्हणणार नाही, आणि "कोण ऑर्विल" असं विचारायची गरज कुणाला पडणार नाही. माझी कॉफी मात्र तीच आहे.

त्या रात्रीचं तेवढं राहिलं. एमोसने काय पाहिलं ते सांगते, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. आधी मी माझ्या बाजूला पडले, भिंतीकडे. तसंच झालं. हात मागे गेला आणि गादी थंडगार. उठून बसले, वाटलं जावं परत चुलीशी, नको ती जागा आणि नको तो दगड. मग काय सुचलं कुणास ठाऊक, सरकले आणि त्याच्या बाजूला जाऊन पडले, खिडकीकडे. त्याच्या उशीवर डोकं ठेवलं. आता रिकामी राहिली ती माझी बाजू. आणि कोरा, माझी मला काही तेवढी आठवण येत नाही. उजाडेपर्यंत झोपले. रोज तशीच झोपते.

तुझी,
ल्युएला